झिऱ्याच्या कड्यावरचा तेरडा

श्रावण अर्धा सरला होता. सुप्रिया सोमकुंवर रामाकोन्याहून बसनं पांढुर्ण्याच्या कॉलेजात आली ती हातात जेवणाचा डबा घेऊन. डब्यात जेवण नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक इवलं झाड होतं.

बारंगे मॅडम, म्हणजे डॉ. अलका बारंगे, वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि सुप्रिया त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. सौसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांतल्या कातळांवर, कड्यांवर काय काय उगवतं, हा तिचा विषय. मॅडमनी तिला आधी वेगळा विषय सुचवला होता. नदीकाठची झाडं, बसून करण्यासारखं काम. कारण सुप्रियाला जन्मापासून सिकलसेल होता. अंगातलं रक्त कमी पडायचं, हाडं दुखायची, डोळ्यांत कायमची पिवळसर झाक असायची, आणि वर्षातून एकदा-दोनदा नागपूरला दवाखान्यात भरती व्हावं लागायचं. पण ती म्हणाली होती, "मॅडम, रामाकोन्यात जन्मली मी. दारातून कडाच दिसते. नदी तर सगळेच पाहतात." मॅडमनी पुढे आग्रह केला नाही.

तिनं डबा टेबलावर उघडला. "तेरडाच आहे ना हा?"

मॅडमनी भिंग घेतलं. एकच पान होतं, तळहाताहून लहान, गोलसर, कडेला बारीक लव असलेलं. पानाच्या बुडातून सुतासारखा दांडा निघाला होता आणि त्यावर तीन फुलं. दोन पांढरी, एक गुलाबी. फुलामागे वाकडी शेपटी. तेरड्याचंच फूल, यात शंका नव्हती. पण आपल्याकडचा तेरडा कुंपणाशी, नाल्याकाठी गुडघाभर वाढतो आणि त्याला भरपूर पानं असतात.

"खाली कंद आहे," सुप्रिया म्हणाली. "कातळाच्या फटीत बसला होता. एकच काढलं, बाकी ठेवली तशीच."

"कुठे मिळालं?"

"झिऱ्याच्या कड्यावर. पाणी पाझरते ना, त्या अंगाला."

मॅडमनी कपाटातली जाडी पुस्तकं काढली आणि दोघी बसल्या. दुपारचे तास संपले, शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला, तरी त्या झाडाला बसेल असं नाव एकाही पुस्तकात सापडलं नाही. एकपानी तेरडे सह्याद्रीत आहेत, हे दोघींना ठाऊक होतं. सातपुड्याच्या या टोकाला ते कुणी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. पुण्याला भगवंतराव नावाचे एक वयस्कर संशोधक होते, उभा जन्म तेरड्यांवरच काढलेले. मॅडमनी त्यांना फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"नवीनच असावं," ते म्हणाले. "पण फुलावरून मी शिक्का मारणार नाही. मला पिकलेलं बोंड दाखवा, बी दाखवा. बी पाहिल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. आणि आजूबाजूचे कडेही पाहून घ्या, आणखी कुठे आहे का."

सुप्रिया फोनला कान लावून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मॅडमना एकदम भीतीच वाटली. इतकं हवंसं वाटणारं काही या मुलीला आजवर मिळालेलं नव्हतं.

त्यानंतरचे काही आठवडे सुप्रिया कडे धुंडाळत फिरली. कधी मॅडम बरोबर असायच्या, कधी ती एकटीच जायची. पावसात भिजायची, पाण्याची बाटली बरोबर असायची पण प्यायची राहून जायची. पुष्पाबाई, तिची आई, संत्र्याच्या तोडीला आणि कापूस वेचायला जायच्या. त्या मॅडमना फोनवर म्हणाल्या, "तुमचं तरी ऐकते ती. सांगा न तिले, घरी बसून लिहित जाय म्हणून." मॅडमनी सांगितलं. सुप्रिया हो म्हणाली आणि पुन्हा गेली. बाकी कुठेही तो तेरडा सापडला नाही. फक्त झिऱ्याचा कडा, त्यातही पाझर असलेली एक बाजू, घराच्या भिंतीएवढी.

बोंडं धरायला लागली तेव्हा सुप्रिया आजारी पडली. पाठीत आणि पायांच्या हाडांत कळा सुरू झाल्या, ताप चढला, आणि तिचे वडील गुलाब तिला नागपूरला घेऊन गेले. मॅडम भेटायला गेल्या. सुप्रियाच्या हाताला रक्ताची नळी लावलेली होती.

"मी एकटी जाऊन बोंडं आणते," मॅडम म्हणाल्या. "तू काळजी करू नकोस."

सुप्रियानं नको अशी मान हलवली. मग म्हणाली, "मॅडम, थोडं थांबता का? हिरवीच आहेत अजून. मी बरी होऊन राहिली आहो. आपण दोघी जाऊ."

मॅडम थांबल्या. त्या वेळी त्यांना ते बरोबरच वाटलं. शोध तिचा होता, पहिलं बोंड तिच्या हातात यावं, एवढीच गोष्ट होती. पण दवाखान्यातून सुटी मिळायला वाटलं होतं त्याहून जास्त दिवस लागले. मधे पाऊस उघडला आणि ऊन तापलं. दोघी कड्याशी पोचल्या तेव्हा पाझर आटला होता. पानं चिखलासारखी विरघळून कातळाला चिकटली होती. बोंडांच्या जागी नुसत्या सुकलेल्या, पिळवटलेल्या साली लोंबत होत्या. बी एकही नव्हतं. तेरड्याचं बोंड पिकलं की नुसता वारा लागला तरी फुटतं आणि बिया दूर उडवून देतं. म्हणूनच शास्त्रात त्याला इम्पेशन्स म्हणतात, म्हणजे धीर नसलेला.

सुप्रिया दगडावर बसून दम घेत होती.

"तेरडा आहे मॅडम," ती म्हणाली. "तो कोणासाठी थांबते?"

आणि ती हसली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहायची, एवढंच हाती उरलं होतं.

हिवाळ्यात तिनं जेवढं झालं तेवढं वर्णन लिहून काढलं. आठवड्यातून एकदा ती पांढुर्ण्याला यायची, स्वेटरवर शाल घेऊन बसायची आणि दोघी एकेका शब्दावर वाद घालायच्या. कंदाचा आकार, पानाच्या शिरा, लव किती लांब आणि कुठल्या दिशेला वळलेली. फुलाच्या रंगाशी त्या फार अडल्या. फूल उमलताना पांढरं असायचं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी व्हायचं.

"पऱ्हाटीच्या फुलासारखंच," सुप्रिया म्हणाली. "पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. कापसाच्या वावरात कोणालेही विचारा."

"तसं इंग्रजीत लिहिता येणार नाही."

"मग त्यांचंच नुकसान आहे," ती म्हणाली, आणि तिनं रंगांच्या तक्त्यातला एक रुक्ष शब्द लिहिला.

नावाचा विषय निघाला तेव्हा मॅडम सहज म्हणाल्या, "तुझंच नाव शोभेल त्याला."

"आपलंच नाव आपण देत नसतात मॅडम. लोक हसतीन." मग थोडा विचार करून ती म्हणाली, "आताच कायले नाव? फळ तर पाहिलं नाही अजून. मूल झाल्यावर बारसं करतात ना."

जानेवारीत थंडी कडक पडली. सुप्रियाला आधी साधा खोकला झाला, मग छाती भरली, मग श्वास पुरेना. सौसरहून तिला तातडीनं नागपूरला नेलं. सिकलसेलमध्ये छातीचा असा हल्ला होतो, आणि तो आला की डॉक्टरांच्याही हाती फार राहत नाही. मॅडम पोचल्या तेव्हा तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तिनं डोळ्यांनीच ओळख दाखवली, मास्क थोडा बाजूला केला आणि विचारलं, "परीक्षा सुरू झाल्या का मॅडम?"

"नाही अजून. पुढच्या आठवड्यात."

तिनं मान हलवली. तेवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचं सव्विसावं वर्ष चालू होतं.

रामाकोन्याला कन्हानच्या काठी तिला अग्नी दिला. त्रिशरण म्हणताना गुलाबभाऊंचा आवाज मधेच तुटला आणि मागच्या लोकांनी ते पुढे म्हणून पुरं केलं. मॅडम बायकांमध्ये पुष्पाबाईंजवळ उभ्या होत्या. पुष्पाबाई रडत नव्हत्या. त्यांनी मॅडमचा हात घट्ट धरला होता आणि सोडायचं विसरून गेल्या होत्या.

त्यानंतर बरेच महिने मॅडमनी ते काम उघडलं नाही. टेबलावर सुप्रियानं वाळवून कागदावर चिकटवलेला तेरडा होता, तो त्यांनी कपाटात ठेवला. पण पाऊस सुरू झाला, आषाढ गेला, आणि भगवंतरावांचा फोन आला.

"या वर्षी बोंड आणताय ना?" त्यांनी विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं. मॅडमनी सुप्रिया गेल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "तरी आणा. आता तर आणाच."

मॅडम रामाकोन्याला गेल्या. गुलाबभाऊ बोरगावच्या एका कारखान्यात पहारेकरी होते, नुकतेच पाळी संपवून आले होते. अंगावर खाकी शर्ट तसाच होता.

"जयभीम मॅडम. या."

मॅडमनी काय हवं ते सांगितलं. कड्यावर जायला एक माणूस सोबत हवा होता. गावातला कुणीही चालला असता.

"दुसरा कोण कायले?" गुलाबभाऊ म्हणाले. "मीच येतो."

आतून पुष्पाबाई बोलल्या, "तुमी नोका जाऊ तिथं."

गुलाबभाऊंनी छत्री घेतली आणि निघाले.

वाट शेतांमधून जात होती, पुढे सागाचं विरळ जंगल, मग दगडांची चढण. गुलाबभाऊ पुढे चालत होते. अर्ध्या वाटेवर ते थांबले, मॅडमना दम घेऊ दिला, आणि दुसरीकडे बघत बोलले.

"मी डॉक्टरले विचारलं होतं मॅडम. म्हटलं, पोरगी कड्यावर चढत होती, पावसात भिजत होती, त्यानं झालं का हे? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. थंडीनंही होते, काही कारण नसलं तरी होते." ते थांबले. "तुमाले काय वाटते?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मॅडमना ठाऊक होतं. त्याचं उत्तर त्यांनी बऱ्याचदा मनात जुळवलं होतं. ते सगळं त्यांनी सोडून दिलं.

"मला रोज वाटतं," त्या म्हणाल्या. "मी तिला थांबवायला पाहिजे होतं, असं."

गुलाबभाऊंनी मान हलवली. रागावले नाहीत. "ती थांबली नसती," ते म्हणाले. "पण वाटते. मलेही वाटते."

ते पुन्हा पुढे चालू लागले.

झिऱ्याच्या कड्यावरून पाणी निथळत होतं. काळ्या कातळावर, शेवाळात, फटीफटींतून ती एकेकटी गोल पानं चिकटून बसली होती आणि त्यांच्यावर फुलं हलत होती. गेल्या वर्षीएवढीच. काही फुलं गळून बारीक हिरवी बोंडं धरली होती. मॅडम बघतच राहिल्या. काहीच कमी झालेलं नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना.

गुलाबभाऊ कड्याकडे बघत उभे होते. "कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हेच. समोर आहे ना तुमच्या, ही पानं."

ते जवळ गेले. वाकले. नखाएवढं पांढरं फूल त्यांच्या नाकासमोर होतं.

"एवढंसंच?"

मॅडमनी मान हलवली.

"मले वाटलं, काही मोठं असंन. रात्रंदिवस हेच बोलत होती. दवाखान्यातही हेच." त्यांनी फुलाकडे बोट केलं. "याच्यासाठी?"

त्यांनी छत्री बाजूला ठेवली आणि ओल्या दगडावर बसले. पाऊस बारीक होता. मॅडम त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. जगात हे झाड बहुतेक एवढ्याच भिंतीवर आहे, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण ज्याची एकुलती मुलगी गेली त्याला ते कुठल्या तोंडानं सांगायचं.

मग गुलाबभाऊंनीच विचारलं, "तिनं काय पाहिलं यात? दाखवा मले."

मॅडमनी गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. कसं धरायचं ते दाखवलं. त्यांनी आधी पानाची लव पाहिली, मग फूल. फुलाच्या तोंडाशी आत दोन पिवळे ठिपके होते आणि त्यांच्याभोवती बारीक जांभळ्या रेघा, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. ते बघत राहिले. भिंग परत देताना त्यांनी ते शर्टाच्या टोकाला पुसलं.

"हे दोन डोळ्यांसारखं हाय," ते म्हणाले.

"हो. तिनंही असंच म्हटलं होतं."

मॅडमनी मलमलीच्या छोट्या पिशव्या आणल्या होत्या. बोंड फुटलं तरी बिया आतच राहाव्या म्हणून त्या कच्च्या बोंडांवर चढवून दोऱ्यानं हलक्या बांधायच्या होत्या. वरच्या फटींपर्यंत मॅडमचा हात पोचत नव्हता. गुलाबभाऊ चढले. पहारेकऱ्याची जाड बोटं त्या दांड्यांशी फार सांभाळून वागत होती. दोन दांडे तरी मोडलेच. दर वेळी ते खाली बघून म्हणत, "मॅडम, मोडलं," आणि मॅडम म्हणत, "असू द्या."

काही दिवसांनी दोघं परत गेले. काही पिशव्या पावसानं गळून पडल्या होत्या, काहींत पाणी शिरून बोंड सडलं होतं. बाकीच्या त्यांनी हळूच काढल्या. शेवटचं एक बोंड पिशवीबाहेर राहिलं होतं, फुगलेलं, पिकलेलं. गुलाबभाऊंनी बोट लावलं मात्र, ते त्यांच्या तळव्यात फुटलं. ते एकदम मागे सरले. तळहातावर साल गुंडाळून पडली होती आणि चार-पाच तपकिरी बिया चिकटल्या होत्या.

ते हात तसाच पसरून उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मॅडमनी त्यांचा हात खालून धरला, बिया सांडू नयेत म्हणून, आणि ते रडून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

त्यांतल्या एक-दोनच बिया मॅडमनी नमुन्यासाठी घेतल्या. बाकीच्या गुलाबभाऊंनी कातळाच्या ओल्या फटींत बोटानं सारल्या.

बी पाहून भगवंतरावांनी कळवलं की जात नवीन आहे, शंका नाही. आता नाव ठेवायचं होतं. मॅडमनी मनात ठरवलं होतं की नाव सुप्रियाचंच द्यायचं. भगवंतरावांनी फोनवर त्यातली अडचण सांगितली. वर्णनाचा जो लेख छापायचा, त्याच्या लेखकांमध्ये तिचं नाव पहिलं आहे. लेखकानं आपल्याच नावावरून जातीचं नाव ठेवायचं नाही, असा संकेत आहे. नियमात मनाई नाही, पण ते बरं दिसत नाही.

"तिला लेखकांतून काढलंत तर झाडाला तिचं नाव देता येईल," ते म्हणाले. "नाहीतर नाव दुसरं ठेवा. मग त्या नावापुढे कायम तिचं आणि तुमचं नाव लागेल, ज्यांनी वर्णन केलं म्हणून. हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका."

मॅडम पुन्हा रामाकोन्याला गेल्या. दिवाळी होऊन गेली होती. घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सुप्रियाचा पदवीच्या वेळचा फोटो होता. मॅडमनी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या, दोनदा.

"झाडाले तिचं नाव द्या," पुष्पाबाई लगेच म्हणाल्या. "माझ्या पोरीचं लग्न नाही झालं, लेकरू नाही. तिचं नाव कोण घेईन पुढे? झाडाले असलं तर लोक घेतीन."

गुलाबभाऊ खाली बघत होते. "अन् लिहिणाऱ्यांत नाव नसलं तर काय होईन?" त्यांनी विचारलं.

"मग शोधणारी मी एकटी, असं छापून येईल," मॅडम म्हणाल्या. "तिचे आभार मानता येतील खाली."

"आभार," गुलाबभाऊ म्हणाले. मग बायकोकडे वळले. "पुष्पा, चौकात मेलेल्याच्या नावाच्या पाट्या लय पाहिल्या आपण. पोरीनं काम केलं हे. अंग दुखत असताना केलं. काम करणाऱ्याच्या जागेवर तिचं नाव पाहिजे."

"तुमाले कामच दिसते," पुष्पाबाई म्हणाल्या. "मले पोरगी पाहिजे."

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. मॅडमनी निघताना आत डोकावून पाहिलं, तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि वळल्या नाहीत.

आठवडाभरानं त्यांचाच फोन आला. "मॅडम, ते म्हणतात तसंच करा. बरोबर असंन त्यांचं. पण माझ्या मनातून गेलं नाही, एवढं सांगून ठेवते."

"हो पुष्पाताई," मॅडम म्हणाल्या. "माझ्याही नाही गेलं."

झाडाला कन्हान नदीवरून नाव मिळालं. इम्पेशन्स कन्हानेन्सिस. पुढच्या मार्चमध्ये तो लेख छापून आला. मॅडमनी त्याची प्रत काढली, पहिल्या पानावर रंगीत फोटो होता ती, आणि रामाकोन्याला घेऊन गेल्या. संत्र्याच्या मृगबहाराची तोडणी संपत आली होती. पुष्पाबाई कामावरून आल्या होत्या, हातांना संत्र्याचा वास होता. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि पान हातात घेतलं.

"काय लिहिलं आहे, वाचून सांगा," त्या म्हणाल्या.

सगळं इंग्रजीत होतं. मॅडमनी वर्णनाचा परिच्छेद मराठी करत वाचला. खाली वाटाण्याएवढा कंद. पान एकच, गोल, कातळाला टेकलेलं. वरून हिरवं, खालून जांभळट. कडेला मऊ लव. दांडा नाजूक, लाल. फुलं दोन किंवा तीन, फार तर चार. बोंड हिरवं, दोन्ही टोकांना निमुळतं. बी तपकिरी, अंगावर बारीक कुस असलेलं. पाझरत्या खडकाच्या उत्तरेच्या अंगाला राहतं. पावसाळा संपला की दिसेनासं होतं.

पुष्पाबाई ऐकत होत्या. गुलाबभाऊ दाराशी उभे होते.

"अन् फुलाचा रंग?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"पांढरा, मग गुलाबी होतो, असं आहे."

"पऱ्हाटीसारखं," त्या म्हणाल्या.

मॅडमनी हो म्हटलं. त्यापुढे त्यांना वाचता आलं नाही. मग पुष्पाबाईंनी पान जवळ घेतलं. त्या आठवीपर्यंत मराठीत शिकल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मुलीचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांना माहीत होतं. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर, गुणपत्रिकांवर त्यांनी ते पुष्कळदा पाहिलं होतं. शीर्षकाखाली त्यांनी ते शोधून काढलं. त्याच्या शेवटी वर एक बारीक खूण होती. उभी रेघ आणि तिच्यावर एक आडवी.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं. "तुमच्या नावाले नाही."

मॅडमनी गुलाबभाऊंकडे पाहिलं. ते बाहेर अंगणाकडे बघत होते.

"लिहिणारं माणूस आता नाही, असा त्याचा अर्थ असतो पुष्पाताई," मॅडम म्हणाल्या. "छापताना लावावं लागतं."

पुष्पाबाईंनी मान हलवली. मग त्यांनी त्या खुणेवर अंगठा ठेवून ती झाकली, आणि उरलेलं नाव बराच वेळ वाचत बसल्या.